चर्चची भिंत आणि हवेलीचे दार: इंग्रज खेड्याचा इतिहास कसा वाचावा?

१/२२
इंग्लंडचा इतिहास म्हटला की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर राजे-राण्या, पार्लमेंट आणि ईस्ट इंडिया कंपनी उभी राहते. परंतु त्या देशाचा एक फार जुना आणि फार मोठा दफ्तरखाना लंडनबाहेर, खेडोपाडी विखुरलेला आहे. त्याच्या दोन शाखा आहेत: गावचे जुने चर्च आणि गावच्या जमीनदाराची हवेली. या धाग्याचे प्रतिपादन असे की, या दोन वास्तू एकत्र वाचल्या पाहिजेत. आणि वाचताना तेथे काय उभे आहे याहून तेथून काय काढून टाकले गेले याचा शोध अधिक कसोशीने घेतला पाहिजे.

२/२२
प्रथम चर्चविषयी. इंग्लंडमधील ‘पॅरिश’ हा केवळ धार्मिक विभाग नव्हता. कित्येक शतके तो कारभाराचाही विभाग होता. १५३८ मध्ये आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने प्रत्येक पॅरिशने बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची नोंदवही ठेवावी असा हुकूम काढला. १६०१ च्या कायद्याने गरिबांच्या पोषणाचा भारही पॅरिशवरच टाकला. मराठी गावात देवस्थान, चावडी आणि कुलकर्ण्याचे दप्तर यांत जी माहिती वाटली गेलेली असे, तिचा बराच मोठा भाग इंग्रज खेड्यात या एकाच छपराखाली जमा होत गेला.

३/२२
हवेलीचा या चर्चशी संबंध शेजाराचा होता, तसाच सत्तेचाही. अनेक ठिकाणी चर्चचा पाद्री नेमण्याचा हक्क जमीनदाराकडे असे. त्याच्या पूर्वजांच्या समाध्या वेदीच्या जवळ, त्याच्या कुटुंबाचे बसण्याचे स्थान सर्वांत पुढे आणि त्याच्या घराण्याची चिन्हे खिडक्यांच्या रंगीत काचांत. म्हणूनच हवेली पाहून चर्च टाळणारा प्रवासी अर्धाच दस्तऐवज वाचून परततो. चर्च पाहून हवेलीकडे पाठ फिरवणाऱ्याचेही तेच होते.

४/२२
या प्रकारच्या अभ्यासाला प्रतिष्ठा मिळण्यास वेळ लागला. परगणावार इतिहास लिहिण्याचा ‘व्हिक्टोरिया काउंटी हिस्टरी’ हा प्रकल्प १८९९ मध्ये सुरू झाला. १९४८ मध्ये लेस्टर येथे स्थानिक इतिहासाचा स्वतंत्र विद्यापीठीय विभाग उभा राहिला आणि त्याचे प्रमुख डब्ल्यू. जी. हॉस्किन्स यांनी १९५५ मधील आपल्या प्रसिद्ध ग्रंथात शेताचे बांध, वाटा आणि कुंपणे ही ऐतिहासिक साधने म्हणून वाचून दाखवली. जर्मनीतून आलेले निकोलाउस पेव्हस्नर यांनी १९५१ ते १९७४ या काळात इंग्लंडमधील वास्तूंची ४६ खंडांची सूची सिद्ध केली. पायी हिंडून इतिहास वाचणाऱ्यांच्या हाती या मंडळींनी नकाशा दिला.

५/२२
आता प्रत्यक्ष भिंतीकडे वळू. यॉर्कशरमधील व्हॅरम पर्सी येथे आज गाव नाही. गवताखाली दबलेले घरांचे उंचवटे आहेत आणि सेंट मार्टिन चर्चचे छप्पर नसलेले अवशेष आहेत. मॉरिस बेरेसफर्ड आणि जॉन हर्स्ट यांच्या नेतृत्वाखाली येथे १९५० पासून १९९० पर्यंत दर उन्हाळ्यात उत्खनन चालले. मध्ययुगीन खेड्याचा इतक्या चिकाटीने झालेला अभ्यास विरळाच.

६/२२
त्या चर्चच्या भिंतीत दगडांनी बुजवलेल्या कमानी दिसतात. गावाची भरभराट होती तेव्हा मूळ सभागृहाला जोडून बाजूची दालने बांधली गेली. लोकसंख्या ओसरू लागली तेव्हा ती दालने पाडून कमानी बंद करण्यात आल्या. म्हणजे ती भिंत गावाची जनगणनाच सांगते! १३४८-४९ च्या महामारीने हे गाव एका फटक्यात संपवले, ही समजूत उत्खननाने टिकू दिली नाही. गाव त्यानंतरही दीडेक शतक तग धरून होते. १५०० च्या सुमारास शेतांच्या जागी मेंढ्यांची कुरणे आली आणि उरलेल्या कुटुंबांना जावे लागले. मेंढी माणसाहून किफायतशीर ठरली होती.

७/२२
महामारीची साक्ष हवी असेल तर हर्टफर्डशरमधील ॲशवेल येथे जावे. तेथील सेंट मेरी चर्चच्या मनोऱ्यात, आतल्या भिंतीवर, कोणीतरी अणकुचीदार हत्याराने लॅटिन ओळी खरवडल्या आहेत. त्यांत महामारीचा आणि त्यानंतरच्या १३६१ या सालाच्या प्रचंड वादळाचा उल्लेख आहे. लिहिणाऱ्याचे नाव ठाऊक नाही. राजदरबारच्या बखरकाराने नव्हे, तर त्या आपत्तीतून वाचलेल्या कोण्या एकाने हे लिहिले, आणि त्याला लिहायला जागा मिळाली ती सर्वांच्या मालकीच्या इमारतीत. हवेलीच्या भिंतीवर असे काही खरवडण्याची सोय सामान्य माणसाला कुठली असणार?

८/२२
सोळाव्या शतकातील धर्मक्रांतीने चर्चचे अंतरंग पालटले. मूर्ती फोडल्या गेल्या, भित्तिचित्रांवर चुना फासला गेला आणि कालांतराने अनेक ठिकाणी देवाच्या प्रतिमेची जागा राजचिन्हाने घेतली. सफक परगण्यातील वेनहॅस्टन या गावी अंतिम न्यायाच्या दिवसाचे एक मोठे चित्र लाकडी फळ्यांवर रंगवलेले होते. त्यावर चुना चढवला गेला आणि गाव ते विसरले. १८९२ मध्ये चर्चची दुरुस्ती निघाली, तेव्हा त्या पांढऱ्या फळ्या निरुपयोगी म्हणून आवारात टाकण्यात आल्या. रात्री पाऊस पडला, चुना वाहून गेला आणि सकाळी चित्र उघडे पडले.

९/२२
त्या चित्रातील सर्वांत बोलका भाग रंगवलेला नाहीच. फळ्यांच्या मध्यभागी क्रूस आणि दोन मानवी आकृती यांच्या आकाराच्या रिकाम्या जागा आहेत. तेथे पूर्वी कोरीव मूर्ती जडवलेल्या होत्या. चित्रकाराने त्यांच्या भोवतीने रंग दिला होता. मूर्ती गेल्या, त्यांची रिकामी रेखाकृती राहिली. इतिहासाच्या विद्यार्थ्याने वास्तूत काय शोधावे याचा याहून नेमका धडा सापडणे कठीण. काढून टाकलेल्या वस्तूची कड बहुधा मागे उरते. ती पाहण्याची सवय लावून घ्यावी लागते.

१०/२२
ही उलथापालथ सामान्य गावकऱ्यांनी कशी सोसली? डेव्हन परगण्यातील मोरबाथ हे जेमतेम तेहेतीस कुटुंबांचे गाव. तेथील पाद्री क्रिस्टोफर ट्रिके याने १५२० पासून १५७४ पर्यंत गावचे जमाखर्च लिहिले. इतिहासकार एमन डफी यांनी २००१ मध्ये त्या हिशेबांवर आधारित ग्रंथ लिहिला. मेंढ्यांच्या लोकरीतून उभा राहिलेला निधी, मूर्तीसमोरच्या मेणबत्त्यांचा खर्च, मग त्या मूर्तीच हटवण्याचा खर्च, असे सारे त्यात ओळीने येते. १५४९ मध्ये नव्या उपासनापद्धतीविरुद्ध बंड झाले, तेव्हा या लहानशा गावाने पाच तरुणांना बंडखोरांच्या छावणीकडे धाडले आणि तो खर्चही हिशेबात टिपून ठेवला. श्रद्धेचा भंग कधीकधी खर्चाच्या रकान्यात वाचावा लागतो.

११/२२
याच काळात कित्येक हवेल्यांचा जन्म झाला. १५३६ ते १५४० या चार वर्षांत आठव्या हेन्रीने मठ खालसा केले आणि त्यांच्या जमिनी दरबारी मंडळींच्या हाती गेल्या. विल्टशरमधील लॅकॉक हे त्याचे उत्तम उदाहरण. तेराव्या शतकात सॉल्सबरीची काउंटेस एला हिने स्थापलेला जोगिणींचा हा मठ १५३९ मध्ये बंद झाला आणि विल्यम शॅरिंग्टन याने तो विकत घेतला. मठाचे चर्च त्याने पाडले. परंतु जोगिणींच्या ओवऱ्या तशाच ठेवून त्यांवर आपले घर बसवले. १८३५ मध्ये याच घराच्या एका खिडकीचे छायाचित्र विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट याने घेतले. आज उपलब्ध असलेल्या छायाचित्रांच्या मूळ निगेटिव्हांपैकी ते सर्वांत जुने मानले जाते. प्रवासी त्या खिडकीपुढे थांबतात. पाडलेल्या चर्चच्या जागेपुढे फार थोडे थांबतात.

१२/२२
चर्चमध्ये सर्वांना प्रवेश होता. परंतु सर्वांना सारखी जागा नव्हती. श्रॉपशरमधील मिडल या गावचा शेतकरी रिचर्ड गॉफ याने १७०० च्या सुमारास आपल्या गावचा इतिहास लिहायला घेतला आणि त्यासाठी एक विलक्षण युक्ती योजली. त्याने चर्चमधील बाकांचा आराखडा काढला आणि एकेका बाकावर कोणत्या घराण्याचा हक्क, ते घराणे कसे आले, कसे वाढले, कोण दारूपायी बुडाला, कोण कज्जेदलालीत संपला, हे बाकामागून बाक सांगितले.

१३/२२
पुढच्या बाकांवर मोठे जमीनधारक, मागे लहान कुळे, त्याहून मागे झोपडीवाले. गावाची उतरंड लाकडात कोरलेली. गॉफने यादवी युद्धाचीही नोंद केली: मिडल, मार्टन आणि न्यूटन या तीन वस्त्यांतून वीस माणसे लढायला गेली आणि तेरा मारली गेली. मोठमोठ्या लढायांच्या इतिहासात हे आकडे कुठेही येत नाहीत. आज अनेक चर्चमधील जुने बाक सोय म्हणून काढले जातात. सोय समजण्याजोगी आहे. परंतु बाकांचा आराखडा न नोंदवता ते काढणे म्हणजे गावाची वंशावळ रद्दीत घालण्यासारखे होय.

१४/२२
हवेलीने माणसे दृष्टीआड करण्याची कला अधिक पुढे नेली. सतराव्या शतकात रॉजर प्रॅट या वास्तुकाराने नोकरांसाठी मागील बाजूस स्वतंत्र जिन्यांचा पुरस्कार केला. मालकाला आणि पाहुण्यांना राबणारे हात दिसू नयेत ही त्यामागील कल्पना. वेस्ट ससेक्समधील अपपार्क या हवेलीत तर मुख्य इमारतीपासून बाहेरच्या सेवाइमारतींपर्यंत नोकरांच्या ये-जा करण्यासाठी भुयारे आहेत. कादंबरीकार एच. जी. वेल्स यांची आई १८८० ते १८९३ या काळात याच घरात कारभारीण होती. अशा घरात दिवाणखान्याइतकाच मागचा जिना महत्त्वाचा. पायऱ्या किती झिजल्या आहेत हे तेथे वाकून पाहावे.

१५/२२
आणि काही जमीनदारांनी अख्खे गावच दृष्टीआड केले. डॉर्सेटमधील मिल्टन ॲबी येथे मध्ययुगीन मठाच्या चर्चला लागून एक बाजारपेठेचे गाव होते. १७५२ मध्ये जोसेफ डेमर याने ही मालमत्ता विकत घेतली आणि पुढे भव्य हवेली बांधली. खिडकीतून गाव दिसणे त्याला मान्य नव्हते. भाडेपट्टे संपतील तशी घरे पाडण्यात आली आणि १७८० च्या सुमारास काही अंतरावर, टेकडीआड, एकसारख्या गवती छपरांच्या घरांचे मिल्टन ॲबस हे नवे गाव वसवण्यात आले. एका वकिलाने आपले घर सोडण्यास नकार दिला, तेव्हा तळ्याचे पाणी त्याच्यावर सोडण्यात आले, अशी कथा तेथे सांगितली जाते.

१६/२२
ते नवे गाव आज इंग्लंडमधील अत्यंत देखण्या खेड्यांत गणले जाते आणि त्याची चित्रे दिनदर्शिकांवर शोभतात. जुन्या गावाच्या जागी हिरवळ आहे. मठाच्या चर्चमध्ये मात्र डेमर आणि त्याची पत्नी कॅरोलाइन यांचे संगमरवरी स्मारक आहे: निजलेल्या पत्नीकडे पाहणारा, कोपरावर रेललेला शोकमग्न पती. शिल्प खरोखर सुंदर आहे. शोकही खरा असेल. परंतु ज्यांची घरे गेली त्यांच्या शोकाला दगड मिळाला नाही. चर्च, हवेली आणि हिरवळ ही तिन्ही एकत्र पाहिली तरच हा इतिहास पुरा होतो. हिरवळ ही येथील सर्वांत महत्त्वाची ऐतिहासिक वस्तू आहे.

१७/२२
यॉर्कशरमधील हेअरवुड येथे हीच गोष्ट समुद्रापार जाते. एडविन लॅसेल्स याने १७५९ मध्ये हवेलीचे बांधकाम सुरू केले. जॉन कार आणि रॉबर्ट ॲडम हे तिचे वास्तुकार. जुने गाव हलवले गेले आणि आज मध्ययुगीन चर्च उपवनात एकाकी उभे आहे. आत पंधराव्या शतकाच्या आसपासच्या, अलाबास्टर दगडात घडवलेल्या देखण्या समाध्या आहेत. परंतु हवेलीचा पैसा वेस्ट इंडीजमधील साखरेचा आणि गुलामांच्या श्रमाचा होता. १८३३ च्या कायद्याने गुलामगिरी संपवताना ब्रिटिश सरकारने दोन कोटी पौंडांची भरपाई ठरवली, ती गुलामांना नव्हे, मालकांना. हेअरवुडच्या अर्लला बाराशेहून अधिक माणसांबद्दल सव्वीस हजार पौंडांहून अधिक रक्कम मिळाली.

१८/२२
२०२० मध्ये ‘नॅशनल ट्रस्ट’ या संस्थेने आपल्या ताब्यातील ९३ स्थळांचा वसाहतवादाशी आणि गुलामगिरीशी असलेला संबंध सांगणारा अहवाल प्रसिद्ध केला आणि मोठा गदारोळ उठला. हवेली पाहायला आलेल्यांना अपराधी वाटायला लावू नये, असा एक सूर होता. हा आक्षेप टिकत नाही. घर कोणत्या दगडाचे हे सांगायचे आणि कोणत्या पैशाचे हे सांगायचे नाही, हा इतिहास नसून जाहिरात होय. मात्र उलट बाजूचा आळसही तेवढाच घातक. प्रत्येक हवेली म्हणजे केवळ लूट असे म्हणून हात झटकणाऱ्याला व्हॅरम पर्सीचे शेतकरी, मिल्टनचे बेघर रहिवासी आणि अपपार्कच्या भुयारातील नोकर कधीच दिसणार नाहीत. इंग्लंडमध्येही इतिहासाबाहेर ढकललेली माणसे होती. त्यांची दखल घेतल्याने समुद्रापारच्या माणसांचे दुःख कमी होत नाही.

१९/२२
मराठी वाचकाला या साऱ्याशी काय देणेघेणे? त्याचे उत्तर केंट परगण्यातील विंगहॅम या गावी मिळते. तेथील सेंट मेरी चर्चच्या सभागृहाचे खांब दगडी नसून लाकडी आहेत. सोळाव्या शतकात जीर्णोद्धारासाठी जमवलेला पैसा एका मद्यउत्पादकाने हडपला, म्हणून लाकडावर भागवावे लागले असे सांगितले जाते. त्याच चर्चमध्ये १६८२ चे एक भव्य स्मारक आहे. त्याच्या चार कोपऱ्यांवर काळ्या दगडातील बैलांची मस्तके आहेत. इंग्रजीत बैलाला ‘ऑक्स’ म्हणतात आणि हे स्मारक ऑक्झेंडन घराण्याचे आहे. आडनावावरचा हा दगडी श्लेष.

२०/२२
विंगहॅमजवळच्या डीन येथील याच घराण्यातील जॉर्ज ऑक्झेंडन हा १६६२ पासून सुरतेच्या इंग्रज वखारीचा प्रमुख होता. जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी सुरतेवर स्वारी केली, तेव्हा वखारीचा बचाव त्याच्याच नेतृत्वाखाली झाला. १६६८ मध्ये मुंबई कंपनीकडे आली तेव्हा तिचा कारभारही त्याच्याकडे आला. पुढच्याच वर्षी तो सुरतेत मरण पावला. तेथील त्याची घुमटाकार समाधी आजही प्रसिद्ध आहे. आणि १६७४ मध्ये राज्याभिषेकाच्या वेळी रायगडावर उपस्थित असलेला, महाराजांना हिऱ्याची अंगठी नजर करणारा आणि त्या सोहळ्याची नोंद ठेवणारा हेन्री ऑक्झेंडन हा जॉर्जचा पुतण्या.

२१/२२
राज्याभिषेकावरील प्रत्येक मराठी पुस्तकात हेन्री भेटतो, परंतु तो जणू आकाशातून रायगडावर उतरतो आणि करार होताच नाहीसा होतो. दुसरीकडे विंगहॅमच्या चर्चमधील प्रवासी बैलांच्या मस्तकांकडे कौतुकाने पाहतो आणि सुरत हे नाव त्याच्या मनात येत नाही. दोघांकडे एकाच दस्तऐवजाचे दोन फाटलेले तुकडे आहेत. पुढे ऑक्झेंडन घराण्याकडे ब्रूम पार्क ही त्याच परगण्यातील सतराव्या शतकातील विटांची हवेली आली, आणि १९११ मध्ये ती विकत घेतली लॉर्ड किचनर याने, जो १९०२ ते १९०९ हिंदुस्थानचा सरसेनापती होता. केंटमधील एका लहानशा टापूत सुरत, रायगड आणि सिमला असे एकमेकांत गुंतलेले आहेत. हे धागे जुळवण्याचे काम मराठी साधने वाचू शकणाऱ्या तरुण अभ्यासकांइतके चांगले दुसरे कोण करू शकेल?

२२/२२
शेवटी एक चिंता. प्रसिद्ध हवेल्यांना तिकीट काढून येणारे प्रवासी आहेत, मोठ्या संस्थांचे पाठबळ आहे. १९७४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने पाडल्या गेलेल्या हवेल्यांवर प्रदर्शन भरवले आणि लोकमत हलले. खेड्यातील चर्चच्या वाट्याला मात्र बहुधा मूठभर वृद्ध उपासक आणि गळके छप्पर येते. इंग्लंडच्या अधिकृत चर्चकडे सुमारे १६,००० इमारती आहेत आणि उपासक घटत आहेत. ज्यांच्याकडे हवेली नव्हती, शिलालेख नव्हता, चरित्रकार नव्हता, त्यांचे उरलेसुरले अक्षर त्याच भिंतींवर आहे. म्हणून शिक्षणासाठी वा कामासाठी तेथे गेलेल्या मराठी तरुणांनी एखादा रविवार राजवाड्याऐवजी जवळच्या खेड्याला द्यावा. चर्चमध्ये वेदीकडे जाण्याआधी बुजवलेली कमान शोधावी, हवेलीत दिवाणखान्याआधी मागचा जिना विचारावा, आणि दोहोंच्या मधली हिरवळ रिकामी का आहे हे गावातल्या एखाद्या वडीलधाऱ्याला विचारून पाहावे. नाव, ठिकाण आणि छायाचित्र टिपून ठेवावे. छप्पर कोसळण्याआधी झालेली एक साधी नोंद, कोसळल्यानंतर लिहिलेल्या दहा शोकलेखांहून मोलाची असते.

#इतिहास #स्थानिकइतिहास #इंग्लंड #रायगड